बाबांच्या नाकासाठी पाइनची पेटी : कामाच्या नोंदी (बडोदा)

१६ जानेवारी २०२३

उत्तरायण संपलं, गच्चीवरच्या फिरक्या-मांजा आवरून झाला, आता हे काम मनावर घ्यायचं ठरवलंय आणि विसरायला नको म्हणून तारखेप्रमाणे लिहून ठेवतेय.

बाबांचा वास २०२१ च्या एप्रिलमधे गेला, तापात. ताप आठवड्यात उतरला पण वास काही परत आला नाही. बाबा चाळीस वर्षं ड्रॉइंग टीचर होते, घरी ऑइल पेंटिंग, दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात वरच्या खोलीत शिरलं की आधी टर्पेंटाइन आणि अळशीच्या तेलाचा वास यायचा, मग बाबा दिसायचे. आता ते ब्रश धुतात आणि म्हणतात पाणी आहे की टर्पेंटाइन मला कळतच नाही. हे ऐकून मला खरंच खूप वाईट वाटतं.

ईएनटी डॉक्टरांनी वासाची प्रॅक्टिस दिलीय. जर्मनीत ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल म्हणून प्रोफेसर आहेत, त्यांनी २००९ मधे ही पद्धत मांडली, गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ मन लावून घ्यायचे, निदान १२ आठवडे. बाबांनी तीन महिने केलं आणि सोडलं. म्हणाले, "लवंग तुझ्या आईची, गुलाब देवाचा. यातलं माझं काय आहे? मला माझा वास दे."

तर त्यांचा वास म्हणजे टर्पेंटाइन, आणि टर्पेंटाइन म्हणजे पाइनच, त्याच्याच राळेतून निघतं ते. डॉक्टरांना विचारलं. बाटली नाकाला लावायला त्यांनी स्पष्ट नाही सांगितलं (छाती आणि डोळे दोन्हीला त्रास), पण लाकूड चालेल म्हणाले. म्हणून पाइनची पेटी करायची, आत छोटे खण, प्रत्येक खणात पाइनच्या वासाचा एकेक तुकडा. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, नोकरी क्यूसीमधे (मालाची तपासणी), सुतारकाम शून्य. बघू.

२२ जानेवारी

रविवार. मकरपुऱ्याच्या बाजूला भंगारवाल्यांकडे पॅलेट्स मिळतात, बाहेरून मशिनरी येते त्याच्या खालचे लाकडी सांगाडे. पाच-सहा दुकानं फिरले. पॅलेट घेताना शिक्का बघायचा हे आधी वाचून गेले होते. शिक्क्यावर देशाचा कोड आणि शेवटी दोन अक्षरं असतात, एचटी असेल तर लाकूड गरम करून किडे मारलेत, म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ डिग्री किमान ३० मिनिटं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते घरात आणायचं नाही, आणि नाकाजवळ तर मुळीच नाही. मला जर्मनीचा एचटी शिक्का असलेलं पाइनचं एक मिळालं.

घरी आणलं आणि धस्स झालं, वासच नाही! करडं पडलेलं, धुळीचा आणि डिझेलचा वास. आमच्या गल्लीतले मिस्त्री, त्यांना दाखवलं, ते हसले. "बेन, आ तो उपरथी मरी गयुं छे, अंदर जीवतुं छे." (वरून मेलंय, आत जिवंत आहे.) रंधा काढला आणि चार हात मारले फक्त, आणि सगळ्या ओट्यावर वास! दीड-दोन मिलिमीटर साल निघाली असेल. मी छिलके हातात घेऊन तिथेच उभी राहिले, मला एकदम वरची खोली आठवली, मी आठवीत असेन तेव्हाची.

मिस्त्रीभाईंचं वाक्य केमिस्ट्रीनेही बरोबर आहे. पाइनच्या लाकडात राळेच्या बारीक बारीक नळ्या असतात. वरच्या थरातलं उडण्यासारखं ते सगळं वर्षानुवर्षांत उडून गेलेलं असतं, आतलं मात्र कोंडलेलं राहतं. रंधा मारला की नळ्या नव्याने उघडतात.

२९ जानेवारी

आज काम काही नाही, वाचन. कॉलेजमधे टर्पीन्स (झाडांच्या सुगंधी तेलांतले रेणू) पाठ केले होते मार्कांसाठी, आता समजून घेतेय.

वासातला मुख्य माणूस अल्फा-पिनीन. दहा कार्बन, सोळा हायड्रोजन, बास, ऑक्सिजनसुद्धा नाही. त्याच्याबरोबर बीटा-पिनीन, ३-कॅरीन, लिमोनीन, कॅम्फीन, मिर्सीन, आणि गंमत म्हणजे या सगळ्यांचं सूत्र तेच, दहा-सोळा. मणी तेच, ओवायची तऱ्हा वेगळी. पाच कार्बनचा आयसोप्रीनचा तुकडा, तसे दोन जोडले की मोनोटर्पीन, तीन जोडले की पंधरा कार्बनचं सेस्क्विटर्पीन, चार जोडले की वीस, तिथे राळेतली आम्लं येतात.

हे सगळं सुटं करून दाखवलं ओटो वालाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी. बॉनमधे केकुलेंच्या लॅबच्या कपाटात सुगंधी तेलांच्या बाटल्या वर्षानुवर्षं कोणी हात न लावता पडून होत्या, वालाखनी त्या मागून घेतल्या आणि एकेक उघडत बसले. तेव्हा प्रत्येक झाडाच्या तेलातल्या टर्पीनला वेगळं नाव होतं, वालाखनी दाखवलं की त्यातले कितीतरी एकच आहेत. १९१० चं केमिस्ट्रीचं नोबेल त्याच कामाला. आणि 'टर्पीन' हा शब्द टर्पेंटाइनवरूनच आलाय. म्हणजे संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन असो की मिऱ्यातलं पिनीन, सगळ्या खानदानाचं आडनाव बाबांच्या बाटलीवरून पडलंय. बाबांना सांगितलं तर खूष झाले.

एक गोष्ट मला फार आवडली ती लिहून ठेवते. अल्फा-पिनीनचे दोन अवतार, डाव्या आणि उजव्या चपलेसारखे, घटक तेच पण एक दुसऱ्यावर बसत नाही. युरोपातल्या पाइनमधे डावा जास्त, अमेरिकेतल्यांत उजवा जास्त. लिमोनीनमधे तर नाकालाही फरक कळतो, उजवा संत्र्यासारखा आणि डावा पाइनकडे झुकणारा.

५ फेब्रुवारी

आज मी खूप उड्या मारल्या आणि नंतर गप्प झाले.

झालं असं, पेटीत कापूर ठेवायचा माझा विचार होता, कारण कापूरही पाइनचाच नातेवाईक. पिनीनच्या रेणूत चार कार्बनचं एक आखडलेलं कडं असतं, ताणलेलं असल्यामुळे ते आम्लात पटकन उघडतं आणि वेगळी रूपं घेतं. कारखान्यात पिनीनचं कॅम्फीन करतात, कॅम्फीनपासून आयसोबॉर्निऑल आणि त्यापासून कापूर. आज आरतीत जळतो तो बहुतेक कापूर असाच टर्पेंटाइनमधून येतो. पाइनच्या वासाचं पांढरं फिनाइल असतं ना, पाण्यात टाकलं की दुधासारखं होतं ते, त्यातलं टर्पिनिऑलसुद्धा पिनीनपासूनच करतात.

तर बाबांच्या नाकाशी कापराची वडी धरली आणि बाबा म्हणाले, "आहे! काहीतरी आहे!" आई स्वयंपाकघरातून धावत आली. मी विचारलं कसा येतोय, तर म्हणाले, "थंड."

थंड. आणि मला कळलं. कापूर, मेंथॉल, निलगिरी हे सगळे चेहऱ्याच्या वेगळ्या नर्व्हलाही जाऊन लागतात, ट्रायजेमिनल, जिच्यामुळे कांदा झोंबतो आणि पुदिना गार लागतो. ती वासाची नर्व्ह नाही. बाबांची ती शाबूत आहे. डोळे बांधून कापूर आणि पुदिन्याची गोळी आळीपाळीने दिली, त्यांना फरक सांगता आला नाही. दोन्ही थंड.

सांगावं की नाही असं झालं क्षणभर. सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं झालं सांगितलंस, खोटा रंग लावू नये." कापूर पेटीतून बाद. नाकाला झोंबणारं, गार लागणारं काहीही ठेवायचं नाही हा नियम केलाय.

१२ फेब्रुवारी

मिस्त्रीभाईंनी फळ्या चिरून दिल्या. पेटी १२ इंच बाय ८, सहा खण. सांधे तेच करणार, रंधा आणि पॉलिशपेपर मी.

गाठींवर आज बराच वेळ घालवला. फांदी जिथून फुटते तिथली गाठ, रंग मधासारखा, आणि बाकी फळीपेक्षा तिचा वास कितीतरी गडद, कारण तिथे राळ भरलेली असते. झाडाला जखम होते, किडा भोक पाडतो, तिथे राळ धावून येते. राळेचे दोन भाग, एक उडणारा म्हणजे टर्पेंटाइन, आणि एक न उडणारा, अबिएटिक आम्लासारखी जड मंडळी. उडणारा भाग राळेला पातळ ठेवतो म्हणून ती जखमेपर्यंत वाहत जाते, मग तो उडून जातो आणि मागे राहिलेलं घट्ट होऊन भोक बुजवतं. म्हणजे आपण ज्याला वास म्हणतो तो झाडाच्या मलमातला पातळ भाग. मला हे वाचून पाइनबद्दल एक वेगळीच माया वाटायला लागलीय.

टर्पेंटाइन काढून घेतल्यावर जो पिवळा काचेसारखा खडा राहतो तोच गजाला लावायची राळ. माझी भाची म्युझिक कॉलेजमधे व्हायोलिन शिकते (१८८६ मधे सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा सुरू केली, तेच पुढे वाढलेलं), तिच्याकडून तुटका खडा आणला. तसा वास जवळजवळ नाहीच, रेणू जड, उडतच नाहीत. पण घासला की अगदी बारीकसा येतो. एका खणात तो ठेवतेय. सगळ्यात अवघड पेपर म्हणून.

२६ फेब्रुवारी

मोठा दिवस.

मामेभाऊ देहरादूनला असतो, त्याने चीडच्या (हिमालयातला पाइन) लाकडाचे चार तुकडे कुरिअर केले होते. तिकडे पहाडात या झाडाच्या राळेला लीसा म्हणतात. वास घेतला तर पॅलेटच्या पाइनपेक्षा वेगळाच, अंगाने जाड, थोडा गोडसर, मागे रेंगाळणारा. पॅलेटचा पाइन कसा धारदार, लगेच लागणारा आणि लगेच जाणारा. मला वाटलं मनाचे खेळ असतील.

मैत्रीण एका कॉलेजात शिकवते, तिच्या लॅबमधे जीसी-एमएस आहे (वासातले रेणू सुटे करून ओळखणारं आणि त्यांचा आलेख काढणारं मशिन), तिने सरांची परवानगी काढून दोन रन लावून दिले. छिलके छोट्या बाटलीत बंद करायचे, जरा गरम करायचे, वर जमलेली हवा सुईने काढून मशिनमधे सोडायची. लांब बारीक नळीतून रेणू धावतात, हलके आधी पोचतात आणि जड मागून.

पॅलेट: पहिला उंच मनोरा अल्फा-पिनीन. मग कॅम्फीन बारीकसं, बीटा-पिनीन, मिर्सीन, मग पुन्हा उंच ३-कॅरीन, त्याला चिकटून लिमोनीन. नंतर जवळजवळ सपाट.

चीड: अल्फा-पिनीन आहे पण ३-कॅरीन त्याच्या वर चढलेलं, आणि मग बराच वेळ काही नाही, आम्ही दोघी चहा घ्यायला उठणार तेवढ्यात खूप उशिरा एक ठसठशीत मनोरा वर आला. लॉन्जिफोलीन! पंधरा कार्बनचं. उकळायला अडीचशे डिग्रीच्या वर लागतात, पिनीनला १५६. म्हणून ते हळू उडतं, म्हणून मागे रेंगाळतं. माझ्या नाकाने जे 'जाड' म्हटलं होतं ते कागदावर उमटलं. मैत्रिणीला मिठीच मारली मी.

आणि यातली आपल्या गावची गोष्ट तर सांगायलाच हवी. लॉन्जिफोलीन हे नाव चीडच्या जुन्या लॅटिन नावावरून, पायनस लॉन्जिफोलिया, लांब पानांचा पाइन (आता रॉक्सबर्घाय म्हणतात). ते १९२० मधे वेगळं काढलं जे. एल. सायमनसन या रसायनशास्त्रज्ञांनी, ते तेव्हा देहरादूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमधे होते, म्हणजे माझा भाऊ जिथून लाकूड पाठवतो तिथेच! त्याची रचना इतकी गुंतागुंतीची की उलगडायला तीस-एक वर्षं गेली, हार्वर्डच्या कोरींनी १९६१ मधे ते लॅबमधे बनवून दाखवलं. आणि या रेणूवर आयुष्यभर काम केलेले आपले डॉ. सुख देव, ते पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) सोडून १९७४ मधे आले कुठे, तर इथे बडोद्याजवळ नंदेसरीला, मालती-केम रिसर्च सेंटरमधे. नंदेसरी! आम्ही लहानपणी मही नदीकडे जाताना बसमधून बघायचो ते. बी.एस्सी.ची तीन वर्षं इथे काढली आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आज कळलं त्याचा आनंद आणि हळहळ दोन्ही.

१२ मार्च

दोन घोटाळे.

एक, झाकणाची फळी मी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवली होती, वास उडू नये म्हणून. आज उघडली तर शेंगदाण्याच्या खवट तेलासारखा वास. लाकूड सडलं की काय वाटलं. तसं नाही, पाइनमधे थोडी स्निग्ध आम्लं असतात, लिनोलिकसारखी, ती हवेतल्या ऑक्सिजनने तुटली की हेक्झनाल तयार होतं, खवट तेलात असतं तेच. ताज्या लाकडात टर्पीन्स भरपूर असल्यामुळे ते दबून जातं, टर्पीन्स ओसरले की वर येतं. आणि मी पिशवीत कोंडून ते साठवूनच ठेवलं. फळी दोन दिवस वाऱ्याला ठेवलीय, मग पुन्हा रंधा. जुन्या पाइनच्या कपाटांना तो एक कोंदट वास येतो ना, त्यातला मोठा वाटा याचाच असणार.

दोन, माझ्या बोटांना खाज आणि पुरळ. ३-कॅरीन हवेत राहिलं की त्याची पेरॉक्साइडं होतात, ती कातडीला सोसत नाहीत, पेंटर लोकांच्या हाताला टर्पेंटाइनने जो त्रास व्हायचा त्याचं मोठं कारण हेच. बाबांनी आपले हात पुढे करून दाखवले, अंगठ्याजवळची कातडी अजून जाड आहे. हे मी इतकी वर्षं रंगाचे डाग समजत होते. ग्लव्ह्ज आणलेत, घासताना मास्कही.

२३ मार्च

काल गुढीपाडवा, श्रीखंड झाल्यावर सगळे झोपले आणि मी पॉलिश काढलं. बाहेरून लाखेचं पॉलिश, चपडा स्पिरिटमधे विरघळवून कापसाच्या बोळ्याने, चार हात. लाखेतून टर्पीन्स सहज पाझरत नाहीत, गाठींवर म्हणूनच आधी लाख मारतात, नाहीतर राळ वरच्या रंगातून पिवळी होऊन फुटते. आतून काहीच नाही, कोरं लाकूड. मिस्त्रीभाई म्हणाले आतून पण मारू का, छान दिसेल. नको म्हटलं, आतला वास आतच फिरू दे.

खण ठरले: १ पॅलेटचे छिलके, २ गाठ, ३ देहरादूनचं चीड, ४ संत्र्याची वाळलेली साल, ५ काळी मिरी भरडून (आधी थोडी ठेवून बघितली, दुरून धरली तर झोंबत नाही), ६ राळ. आकडे खणाच्या तळाला, म्हणजे बाबांना न बघता ओळखता येईल. ते रोज दोनदा करायला तयार झालेत. वहीत स्वतः लिहितात, पहिलं पान: काही नाही, काही नाही, काही नाही, काही नाही.

१६ एप्रिल

पारा ४० च्या पुढे. दुपारी पेटी उघडली की वास जोरात, सकाळी मंद. १५६ डिग्रीला उकळणारा पदार्थ घरात कसा उडतो असं आईने विचारलं, तिला म्हटलं तुझे कपडे वाळतात तेव्हा पाणी उकळतं का? तसंच. उष्णता वाढली की उडणं वाढतं, एवढंच. पण या उन्हाळ्यात खण लवकर रिकामे होणार म्हणून जादाचे तुकडे काचेच्या छोट्या बाटल्यांत भरून फ्रिजमधे ठेवलेत, लोणच्याच्या बरणीशेजारी.

बाबांच्या वहीत गेल्या मंगळवारी खण ४ समोर 'काहीतरी?' आहे. नंतर पुन्हा काही नाही.

७ मे

आई लोणच्यासाठी कैऱ्या निवडत बसली होती, बाबा देठ मोडून देत होते. एका कैरीचा चीक बोटावर आला, त्यांनी सवयीने नाकाशी नेला आणि थांबले. म्हणाले, "अगं, हिला टर्पेंटाइनचा वास येतोय."

कोणीच काही बोललं नाही थोडा वेळ. मी विचारलं थंड लागतोय का, झोंबतोय का? नाही म्हणाले, वास आहे. पुन्हा घेतला, गेला. परत पाच मिनिटांनी आला.

कैरीच्या चिकात टर्पीन्स असतातच, आणि कितीतरी जातींच्या आंब्यांच्या वासात ३-कॅरीन पुढे असतं, चीडमधलं तेच. मी चार महिने लाकूड घासत होते आणि ते आईच्या टोपलीत होतं. पेटी आणली, डोळे बांधले. खण १ नाही. २ नाही. ३, बाबा बराच वेळ थांबले आणि म्हणाले "लांब कुठेतरी कोणीतरी ब्रश धुतंय." ४ संत्रं, लगेच. ५ आणि ६ नाही.

त्यांनी ते वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं. आईने कैऱ्या तशाच ठेवल्या आणि चहा टाकला.

२८ मे

रोजचं चालू आहे. खण ३ दहा वेळांपैकी सहा-सात वेळा, खण २ कधीतरी, राळ अजून नाही. डॉक्टरांना वही दाखवली, चालू ठेवा म्हणाले.

आज सकाळी मी ऑफिसच्या गडबडीत होते आणि बाबांनी वरच्या खोलीतून हाक मारली, "अगं, तीन नंबर उतरलाय, रंधा मार." मला खरं वाटेना म्हणून मी खणातला तुकडा काढून स्वतः हुंगला. खरंच उतरला होता. परवापेक्षा निम्मासुद्धा नव्हता, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. चार हात मारले, छिलके त्यांच्याच ओंजळीत पडले.